गुंजेचा वेल आणि गुंजा नावाची लेक

लाल-काळ्या बियांच्या गुंज या वेलावरून लेकीचं नाव गुंजा ठेवायचं ठरलं की घरात दोन गोष्टी मागोमाग होतात. कुणीतरी म्हणतं, "अहो, ते विष आहे!" आणि दुसरं कुणीतरी बारशासाठी खऱ्या गुंजांची माळ ओवायला घेतं. पहिल्याची भीती नको तिथे आहे, दुसऱ्याचा उत्साह नको तिथे. नाव खुशाल ठेवा, वेलही लावा. सांभाळायचं आहे ते बीचं टरफल. ते अखंड आहे की फुटलेलं, भोक पडलेलं, फुगलेलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

वेल ओळखताना

खान्देशात गुंज बांधावरच्या काटेरी झुडपांत, बोरी-बाभळींवर, सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या पायथ्याला सापडते. नंदुरबार-नवापूरकडे गुजरातीचा शेजार असल्याने तिला चणोठी म्हणणारेही भेटतील. हिंदी मुलखात ती रत्ती किंवा घुंघची. शास्त्रीय नाव ॲब्रस प्रिकेटोरियस. हे नाव एका कागदावर लिहून ठेवा, दवाखान्यात कामी येतं.

या वेलाला काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात. खोडच आधाराला पिळे घालत वर जातं. पान चिंचेच्या पानासारखं: मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दहा ते वीस जोड्या बारीक पर्णिका, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. पान चघळलं की आधी हिरवट आणि मागून ज्येष्ठमधासारखं गोड लागतं. पण ओळख पटवायला अनोळखी वेलाचं पान तोंडात घालू नका, शेंग बघा. पावसाळा सरता सरता फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे छोटे गुच्छ येतात. त्यामागून तीन-चार सेंटिमीटरच्या चपट्या शेंगा धरतात आणि थंडीत त्या वाळतात. वाळलेली शेंग उकलून मागे वळते, पण बिया लगेच गळत नाहीत. तीन ते पाच लाल मणी सालीला चिकटून दिसत राहतात. मुलांचा हात नेमका त्या वेळी जातो.

बी पाच ते सात मिलिमीटरची, लालभडक, आणि जिथे ती शेंगेला जोडलेली असते त्या डोळ्याभोवती काळी टोपी. पांढऱ्या गुंजेची बी मोतिया पांढरी असते. रंग बदलला म्हणून विष कमी होत नाही. 'पांढरी गुंज औषधी, लाल विषारी' ही समजूत चुकीची आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो रतनगुंजेशी. रतनगुंज हा मोठा वृक्ष, शहरांत रस्त्याकडेलाही लावलेला दिसतो. त्याची बी सगळीकडून लाल, काळा ठिपका अजिबात नाही, आकार भिंगासारखा दोन्हीकडे फुगीर, आणि वजनाला गुंजेच्या दुपटीहून जास्त. बाजारात 'लाल गुंज' म्हणून पुष्कळदा हीच मिळते. काळी टोपी असेल तरच ती खरी गुंज.

विष कुठे आहे, कसं चालतं

बीच्या आतल्या गरात ॲब्रिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत शिरून पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं, म्हणजे पेशी उपाशी मरते. एरंडीतलं रिसिन याच जातीचं. ॲब्रिन त्याहून जहाल. बीचं कवच मात्र इतकं टणक असतं की अखंड बी गिळली तर बहुधा ती पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. म्हणून 'आमच्या नातवाने गिळली होती, काही झालं नाही' अशा कहाण्या गावोगाव ऐकू येतात. त्या खोट्या नसतात, अर्धवट असतात. तीच बी चावली गेली, आधीच चिरलेली असली किंवा दोरा ओवायला तिला भोक पाडलेलं असलं, तर गर उघडा पडलेला असतो. नीट चावलेली एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

याचा थेट अर्थ असा की झाडावरच्या गुंजेपेक्षा माळेतली गुंज धोक्याची. २०११ साली इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाने आपल्या दुकानातून विकलेल्या गुंजांच्या बांगड्या परत मागवल्या, त्या याच कारणाने. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लाल-काळ्या मण्यांचा सर बाळाच्या मनगटात, कमरेला किंवा पाळण्याला बांधतात. दात येऊ लागलेलं मूल हाताला लागेल ते हिरडीखाली धरतं. तिथे गुंज नको म्हणजे नको. सोनाराने सोन्याच्या कोंदणात बसवलेली गुंजसुद्धा बाळाच्या अंगावर नको, कारण कोंदण बसवताना कवचाला तडा जाऊ शकतो.

गर नुसता हाताला लागला म्हणून सहसा काही होत नाही, पण हातावर जखम असेल किंवा तोच हात डोळ्याला गेला तर होतं. भोक पाडताना, घासताना उडणारी पूड सगळ्यात वाईट: डोळे सुजून लाल होतात, आणि ती श्वासात गेली तर फुफ्फुसाला त्रास होतो. एरवी आपण रागावलेल्या माणसाचे डोळे गुंजेसारखे लाल म्हणतो. इथे ते शब्दशः होतात.

मुलाने गुंज खाल्ल्याचा संशय आला तर हे करा:

१. तोंडातले तुकडे बोटाने काढा, चूळ भरायला लावा, हात साबणाने धुवा.

२. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, ताक, तूप, लिंबू काही पाजू नका.

३. उरलेल्या बिया आणि माळ पिशवीत घालून सोबत घ्या. किती मणी कमी आहेत ते मोजा, आणि बी चावली की गिळली हे माहीत असेल तर तेही सांगा.

४. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघणार असाल तर वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे जा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरांनाही सल्ला देतं.

५. मूल खेळतंय, हसतंय म्हणून घरी थांबू नका. उलट्या, पोटात मुरडा, रक्ताचे जुलाब ही लक्षणं काही तासांनी सुरू होतात, कधी दोन-तीन दिवसांनीही. या विषावर उतारा नाही. लवकर पोचलं तर डॉक्टर औषधी कोळसा देऊ शकतात, आणि सलाईनने शरीरातलं पाणी टिकवलं जातं. उशीर झाला की हे दोन्ही अवघड होतं.

डोळ्यात पूड गेली असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

शेळ्या, कोंबड्या, गुरं यांनाही हे विष लागतं. शेंगा लगडलेला वेल बांधावरून कापला तर चाऱ्यात जाऊ देऊ नका.

आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत होते. वैद्य ती दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. उष्णतेने ॲब्रिन मोडतं, म्हणून त्या रीतीला अर्थ आहे. पण घरच्या गॅसवर दूध नासेपर्यंत उकळून 'झाली शुद्ध' म्हणायचं काम नाही. केसांसाठी गुंजेचं तेल घरी बनवायच्या पाककृती फिरत असतात, त्यांनाही हेच लागू.

वेल लावायचा असेल तर

आधी नकार कुठे द्यायचा ते ठरवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, अंगणात शेळी-कोंबडी, शेजारी अंगणवाडी किंवा शाळेचं कुंपण यांपैकी काहीही असेल तर शेंगा धरणारा वेल नको. पाल्यासाठी म्हणजे विड्यात घालायला वेल हवा असेल, तर तो शेंगांशिवायही ठेवता येतो, त्याची युक्ती पुढे आहे.

बी अभयारण्यातून आणू नका. यावल असो की गौताळा, तिथून काहीच उचलायचं नसतं. ओळखीच्या शेताच्या बांधावरच्या चार-पाच शेंगा पुरतात. चकचकीत, जड, अखंड बिया निवडा. सुरकुतलेल्या आणि किडीचं भोक असलेल्या बाजूला काढा.

टणक कवचातून पाणी आत जात नाही, त्यामुळे बी तशीच पेरली तर महिनोन्महिने मातीत पडून राहते. पुस्तकी उपाय म्हणजे बी पॉलिश पेपरवर घासणं किंवा नेलकटरने टवका काढणं. गुंजेच्या बाबतीत तो करू नये, कारण त्यात नेमकी ती पूड उडते. गरम पाण्याची रीत धुळीविना होते:

पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा. फेकून देण्याजोग्या डब्यात दहा-बारा बिया टाकून त्यांवर ते पाणी चार बोटं ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी काही बिया दुप्पट फुगलेल्या दिसतील, त्या पेरायच्या. न फुगलेल्यांना पुन्हा तसंच पाणी. दोनदा करूनही जी फुगत नाही ती सोडून द्या. बिया पाण्यासोबत गॅसवर उकळत ठेवू नका, कोंब मरतो. आणि ध्यानात घ्या: फुगलेल्या बीचं कवच मऊ पडलेलं असतं, म्हणजे ती आता फुटलेल्या बीइतकीच घातक. रबरी हातमोजे घाला, झाकण घट्ट लावा, आणि भिजवलेलं पाणी कोंबड्या जिथे चोच मारतात तिथे सांडू नका.

पेरणी मृगाचा पाऊस होऊन जमीन निवली की करा. मेमध्ये, जेव्हा भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा कुंडीतली माती तापून कोवळा कोंब जळतो. आपली काळी कापसाची माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि बी कुजते. काळी माती, नदीची वाळू आणि चाळलेलं जुनं शेणखत सारख्या मापाने मिसळा. बारा इंची कुंडीत तीन बिया, दीड सेंटिमीटर खोल. एक ते तीन आठवड्यांत उगवतात. वीतभर झाल्यावर जोमदार एक ठेवून बाकीची रोपं काढा. उपटताना खालची बी सुटली तर ती मोजून डब्यात टाका.

आधाराला गुळगुळीत पाइप नको, त्यावर पिळा घसरतो. बाभळीची किंवा निंबाची खरबरीत फांदी, नाहीतर काथ्या गुंडाळलेला बांबू उत्तम. पहिलं वर्ष वेल रेंगाळतो, माणसं कंटाळून खत ओततात. नको. ही शेंगवर्गीय वेल आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवते. जास्त शेणखताने नुसता पाला सुटतो. उन्हाळ्यात कुंडीला आठवड्यातून दोनदा पाणी, बांधावर लावलेल्या वेलाला पहिला उन्हाळा सोडला तर तेही लागत नाही. पानं पिवळी पडून गळू लागली तर आधी कुंडीखालचं भोक तपासा. बहुतेक वेळा पाणी तुंबलेलं असतं.

आता शेंगा टाळायची युक्ती. श्रावणापासून फुलांचे तुरे दिसू लागतात. दर आठ-दहा दिवसांनी वेलावरून नजर फिरवा आणि तुरे देठासकट खुडा. दिवाळीपर्यंत हे केलं की शेंग धरत नाही. वेल उंच गेला तर तुरे निसटतात, म्हणून तो डोक्याच्या उंचीवर छाटून ठेवा. कोवळा पाला विड्यात घालतात तो चिमूटभर. तो गोड लागतो म्हणून मुठीने खाऊ नये, गरोदर बाईने तर खाऊच नये. पाला वेचताना त्यात एकही शेंगेचा तुकडा नाही हे बघा. मुळी ज्येष्ठमधाऐवजी वापरायचा मोह मात्र टाळा.

बिया ठेवायच्याच असतील तर शेंग पिवळट-तपकिरी झाली, पण अजून उकललेली नाही, तेव्हाच कात्रीने काढा आणि कागदी पिशवीत वाळवा. उकलेपर्यंत थांबलात तर अर्ध्या बिया मातीत जातात आणि पुढच्या पावसात नको तिथे उगवतात. फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी, वर 'विष' अशी चिठ्ठी, जागा स्वयंपाकघराबाहेर. मसाल्याच्या डब्याशेजारी कधीही नाही. नको असलेल्या बिया टाकाऊ पत्र्याच्या डब्यात घराबाहेर अर्धा तास उकळा आणि दीड फूट खोल पुरा. कचरागाडीत तशाच टाकल्या तर कुणा मुलाच्या हाती लागतील.

सोनाराची गुंज

जळगावला सोन्याचं गाव म्हणतात, आणि जुन्या पेढ्यांच्या हिशेबात गुंज हे वजन होतं: आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा. तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६४ ग्रॅमचा धरला तर गुंज ०.१२१५ ग्रॅमची. सोनार खऱ्या बियाही वजनाला वापरत, पण त्या कमी-जास्त भरतात. पडताळायचं असेल तर सोनाराच्या काट्यावर शंभर अखंड बिया ठेवून शंभराने भागा.

दोन ठिकाणी लोक फसतात. आजच्या बोलण्यातला तोळा म्हणजे १० ग्रॅम, जुना नव्हे. आणि ग्रहांचे खडे विकणारे जी रत्ती सांगतात ती साधारण ०.१८२ ग्रॅमची, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या दीडपट. आजीच्या कागदावर 'चार गुंजा' लिहिलं असेल तर ते ०.४८६ ग्रॅम, खड्याच्या दुकानातली चार रत्ती नव्हे.

गुंजाच्या बारशाला सोन्याचं काही द्यायचं असेल तर एक मासा, म्हणजे ०.९७२ ग्रॅम, हे माप छान बसतं. एक ग्रॅमचं वळं त्याच्या अगदी जवळ आहे.

नाव ठेवताना

पत्रिकेवरून अक्षर काढणाऱ्या घरांसाठी: धनिष्ठा नक्षत्राची चरणाक्षरं गा, गी, गू, गे. 'गू' तिसऱ्या चरणाचं, आणि धनिष्ठेचे शेवटचे दोन चरण कुंभ राशीत येतात. म्हणजे गुंजा हे नाव कुंभ राशीच्या मुलीला सरळ लागू होतं. नक्षत्र वेगळं असेल तर अक्षराचं नाव पाळण्यात कानात सांगून घ्यायचं आणि व्यवहारात गुंजा ठेवायचं, ही पळवाट सगळ्यांच्या ओळखीची आहे.

विषाचा आक्षेप घेणाऱ्या आत्याबाईंना सांगायला मुद्दे पुष्कळ आहेत. कृष्णाच्या वर्णनात मोरपिसाबरोबर गुंजांचे अलंकार येतात. सोनं जिच्यावर तोललं ती हीच, विड्यातला गोड पाला तिचाच. आणि नाव बीचं नाही, सगळ्या वेलाचं आहे.

खरी काळजी वेगळीच घ्यायची. आडनाव जोडून मोठ्याने म्हणून बघा: गुंजाळांच्या घरात गुंजा ठेवली तर पोरगी शाळेत हजेरीच्या वेळी रोज हसू ऐकेल. गुंजन हे वेगळं नाव आहे आणि मुलग्याचंही असतं. कारकुनाच्या हातून गुंजाची गुंजन सहज होते. ज कसा उच्चारायचा तेही ठरवा, जहाजातला की जीवनातला. दोन्ही ऐकू येतात, आणि घरातच दोन तट पडले तर मुलीला स्वतःचं नाव दोनदा सांगावं लागतं.

नोंदणीचं तंत्र असं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखाना कळवतो, घरी झालं तर ग्रामपंचायतीत आपण. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. रकाना रिकामा राहतो. पुढे १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. सव्वा महिन्यानी बारसं करणाऱ्यांनी म्हणून घाई करू नये: आधी जन्मनोंद, मग बारसं, मग नाव. एकदा चढलेलं नाव बदलायला मात्र खेटे घालावे लागतात.

दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असतं, आणि चूक इंग्रजीत होते. संगणक अनुस्वाराचा पुष्कळदा 'एम' करतो, मग गुंजाची गुम्जा होते. जी, यू, एन, जे, ए ही पाच अक्षरं कागदावर सुटी सुटी लिहून द्या, आणि दाखला छापण्याआधी पडद्यावर वाचून बघा. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे इथली चूक पुढे सगळीकडे जाते. बाल आधार दाखल्यावरूनच काढा, तोंडी नाव सांगून नव्हे.

बारशाच्या आराशीत गुंजेचा रंग हवाच असेल तर लाल काचमण्यांवर काळ्या रंगाचा टिपका द्या. दोन हातांवरून ओळखू येत नाही. तेही पाळण्याला न बांधता मागच्या पडद्यावर. खान्देशातल्या कानबाई देवीच्या आराशीत किंवा पुढे रुखवतात खऱ्या गुंजा लावायच्या असतील तर भोक न पाडता डिंकाने काचेच्या चौकटीच्या आत चिकटवा, आणि चौकट मागून बंद करा. तोरणाला गुंजेचा हिरवा पाला चालतो, शेंगा काढून टाकल्यावर. पाहुण्यांना वाणात गुंजेचं रोप द्यायची कल्पना मोडीत काढा. घेणाऱ्याच्या घरी कोण रांगतंय हे आपल्याला माहीत नसतं. रोप वेलीचंच द्यायचं असेल तर जाई किंवा जुईची कलमं द्यावीत.